शनिवारची रास

मागच्या जूनमध्ये मुलीच्या शाळेत पालकसभा होती. शाळा इथलीच, विश्रामबागेतली. रंगीत भिंती, गुळगुळीत फरशी, दारात पाळणाघरासारखी चित्रं. सगळं सांगून झाल्यावर एक तरुण मॅडम गोड हसून म्हणाल्या, "आणि मुलांना घरी नीट समजावून सांगा हं. ज्याचा डबा त्यानंच खायचा. कुणाच्या डब्यातलं घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही."

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून म्हटलं, "का?"

मॅडम म्हणाल्या, स्वच्छता, ॲलर्जी, आजकाल काय काय असतं. त्यांचं चुकलं असं नाही. पण माझा आवाज चढला तो चढलाच. नवऱ्यानं ओढणी धरून मला खाली बसवलं. "कॉलेजातला वर्ग नाही हा," असं कानात कुजबुजला. मी बसले खरी, पण डोक्यात आमच्या बाई येऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. एका हातात सायकल, पायात पुरुषी वहाणा, कपाळावर घाम. इतक्या वर्षांनी आल्या आणि घरी येईपर्यंत माझ्याबरोबर चालत होत्या.

बाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई. कोरेगावच्या पुढं आमचं गाव. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन हेडगुरुजी बसायचे, दुसरीत तिसरी-चौथी घेऊन बाई. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. गावातल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस पलटणीत, निम्म्या घरांचा ऊस कारखान्याला, आणि ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्धवस्ती. बाई आल्या जतकडून, पार कर्नाटकाच्या हद्दीवरून. त्या पोरींना नावानं कमी आणि 'अक्का' म्हणून जास्त हाक मारायच्या. पहिलीतली शेंबडी पोरगीसुद्धा अक्का. आम्हाला त्याची इतकी ऐट वाटायची की काही विचारू नका.

सायकलीचं सांगते. बाईंकडं दांड्याची पुरुषी सायकल होती, आणि ती त्यांना चालवता येत नव्हती. रोज कोरेगावच्या एस.टी.तून फाट्यावर उतरायच्या, तिथल्या पानाच्या टपरीमागं कुलूप लावून ठेवलेली सायकल सोडायच्या आणि हातात धरून शाळेपर्यंत चालत यायच्या. हँडलला पिशवी, कॅरियरला छत्री. संध्याकाळी परत तसंच. लोक हसून हसून दमले. एकदा हेडगुरुजींनी धीर करून विचारलं, "बाई, बसत न्हाई तर बाळगता कशाला?"

"एकटीनं चालायला कंटाळा येतो," बाई म्हणाल्या.

गावानं त्यांच्या जातीचा लय तपास केला. थेट कसं विचारणार? मग आडून. तुमचं कुलदैवत कंचं, सोयरे कुठले, लग्नात मांडव कशाचा घालता. बाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "मी मास्तरीण." मोठ्या माणसांना नंतर कळलंही असेल. आम्हा पोरांना कधीच कळलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

बाईंनी कुणाला मारलं नाही. पण राग त्यांना यायचा, आणि असा यायचा की नाकपुड्या थरथरायच्या. मग त्या तडक बाहेर जायच्या आणि अंगणातल्या झेंड्याच्या खांबाला रागवायच्या. आमचं नाव घेऊन! "काय रे संपत, पाढे पाठ करायला सांगितले होते की नाही? झोपा काढल्या? लाज वाटत नाही?" खांब गप्प. वर्गात संपत मान खाली घालून बसलेला. शंभर छड्या परवडल्या, पण आपल्या नावानं खांबानं बोलणी खावीत हे सोसत नसे. रस्त्यानं जाणारी माणसंही थांबून ऐकायची आणि घरी जाऊन सांगायची, आज संपतच्या नावानं खांबाला दम भरला.

"चुकायचं तर मोठ्यानं चुका," हा त्यांचा मंत्र. पुटपुटलेलं बरोबर उत्तर त्यांना चालायचं नाही. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी संपतलाच उभं केलं आणि कोयना धरण कुठं आहे म्हणून विचारलं. संपतनं छाती फुगवून आरोळी ठोकली, "सोलापुरात!" साहेब दचकले. हेडगुरुजींनी कपाळाला हात लावला. बाई मात्र खूश. "आवाज छान आहे," म्हणाल्या, "आता जागा शोधू."

आणि साहेबांना तसेच अंगणात घेऊन गेल्या. अंगणात त्यांनी आमच्याकडून मातीत नदी कोरून घेतली होती. वरच्या अंगाला मातीचा ढीग म्हणजे महाबळेश्वर. खाली एकेका गावाच्या जागी एकेक पोर बसायचं. कुणी वाई, कुणी सातारा, कुणी कराड. शेजारच्या चरात कोयनानगर. तिथं बसणाऱ्यानं मधूनमधून हलायचं, कारण तिथं जमीन हलते. मी कोरेगाव. नदीपासून जरा बाजूला, म्हणून माझा परकर कोरडा. बाई कळशीनं महाबळेश्वरावर पाणी ओतायच्या आणि ते खळखळत खाली यायचं. सांगलीत बसायला कुणी राजी नसायचं. तिथं चड्डी भिजायचीच. मी आज भूगोल शिकवते तो त्या अंगणामुळं, आणि राहते कुठं तर सांगलीत! पुराच्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की मला अजून त्या कळशीचा आवाज येतो.

आता राशीकडं येते, कारण बाईंच्या सगळ्या तऱ्हांमध्ये ती तऱ्हा वेगळी होती.

शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या आधी बाई व्हरांड्यात आपली जुनी सुती साडी अंथरायच्या. प्रत्येकानं घरून एक भाकरी आणायची आणि त्या साडीवर टाकायची. ही भाकरीची रास. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे मध्ये परातीत. साडीचा मोकळा पदर राशीवर झाकायचा आणि एकेकानं न बघता हात घालून भाकरी काढायची. आपल्याच घरची आली तर परत टाकायची, दुसरी काढायची. खाता खाता ओळखायचं, ही कुणी केली. "संपतच्या आईनं" असं म्हटलेलं चालायचं नाही. नाव घ्यायचं. त्या बाईचं स्वतःचं नाव, मोठ्यानं.

पहिल्या शनिवारी तर गंमतच झाली. निम्म्या पोरांना आपल्या आईचं नावच सांगता येईना. शोभा म्हणाली, "आईचं नाव आई." बाईंनी सोमवारपर्यंतचा अभ्यास म्हणून दिला, आईचं नाव विचारून या, आजी भाकऱ्या करत असेल तर आजीचं. घरोघरी बायका पदराआड हसल्या म्हणे.

महिन्याभरात आम्ही इतके तयार झालो की भाकरी हातात आल्या आल्या सांगायचो. कुणाची कड जाड, कुणाचा पापुद्रा टम्म सुटलेला, कुणाची खाली करपलेली. शोभाच्या घरच्या भाकऱ्या तिची आजी करायची. त्या लहान, जाडजूड, मऊ, आणि कडेनं अंगठ्याच्या दाबाची नक्षी. माझ्या आईची भाकरी मोठी आणि पातळ. आईच्या करंगळीवर खुरप्याचा घाव बसून ते बोट वाकायचं बंद झालं होतं. त्यामुळं तिच्या भाकरीवर चार बोटं उठायची आणि पाचव्याची नुसती रेघ. डोळे मिटून चाचपली तरी कळायची.

पण ती भाकरी राशीत सहजासहजी आली नाही. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आपली नगं टाकूस त्यात. तू तुजी बाजूला बसून खा. उगं कुणाच्या घरनं बोलणं यायचं." मी दोन शनिवार 'विसरले, विसरले' म्हणत रिकाम्या हातानं गेले. तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर बाई सायकल ढकलत आमच्या वस्तीत आल्या. सायकल आमच्या भिंतीला टेकवली आणि सरळ चुलीपाशी येऊन बसल्या. आईची त्रेधा उडाली.

"तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"मी हिची आई."

"ते कळलं. नाव विचारलं."

आईनं पदर डोक्यावर ओढला. गावात तिला कोण नावानं हाक मारणार? ती रोजानं जायची सुभेदार आबांच्या रानात, घेवडा खुरपायला, आलं लावायला. तिथं ती 'ये बाई' नाहीतर 'वस्तीतली'. आमच्यात 'अमक्याची बायकू'. शेवटी चुलीकडं तोंड करून ती म्हणाली, "शालन."

"शालनताई, मला भूक लागलीय," बाई म्हणाल्या. ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली, हात धुतला आणि उठताना म्हणाल्या, "ही शनिवारी राशीत आली पाहिजे. आली नाही तर मी रास मांडणार नाही." त्या गेल्यावर आई किती तरी वेळ दारातच उभी होती.

पुढं बाईंची बदली झाली कोयनानगरच्या बाजूला. मी तेव्हा कोरेगावच्या हायस्कुलात होते. एस.टी.च्या टपावर सायकल बांधली होती आणि बाई खिडकीतून मान बाहेर काढून सायकलीकडंच बघत होत्या. आम्ही रडतोय, त्यांचं लक्ष वर. "अक्का, ती दोरी नीट बांधलीय का बघ गं," हे त्यांचं मला सांगितलेलं शेवटचं वाक्य. अशा निरोपाला काय म्हणायचं! पण मी त्यांच्यावर कधी रुसले नाही. कारण त्यांनी मला एक शनिवार दिला होता. तो सांगते.

रास सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. एका शनिवारी शोभा रिकाम्या हातानं आली. शोभा म्हणजे सुभेदार आबांची नात. आबा पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. मिशा, काठी, कडक इस्त्री. शाळेच्या कमिटीवर होते, गावात शब्दाला वजन. शोभा खाली बघत म्हणाली, "आबा म्हनले, आपली भाकरी आपल्या घरात." तिच्यामागं आणखी तीन-चार पोरं रिकाम्या हातांची निघाली. कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई उठल्या. बाहेर गेल्या. आणि खांबाला रागवायला लागल्या. पण या वेळी नाव आमचं नव्हतं. "काय हो सुभेदार! छातीवर पदकं मिरवता आणि पोरांच्या भाकरीला भिता? सीमेवर उभं राहिलात, अन् एवढ्याशा राशीपुढं पाय मागं घेता?" आवाज पार चावडीपर्यंत. हेडगुरुजी खोलीतून पळत आले आणि हात जोडून उभे राहिले.

त्या संध्याकाळी गावात दुसरा विषय नव्हता. आबा बाईंची बदली करणार, अशी बोलवा उठली. आई मला म्हणाली, "बास झालं. भाकरी न्हेऊ नगंस. आपल्यापायी त्या बाईची नोकरी जाईल, नि माजं काम." मी हातपाय आपटले, जेवले नाही. आठवडाभर आमच्या घरात हेच. शेवटी शनिवारी सकाळी तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि माझ्या हातात आदळली. "ह्यो शेवटचा शनवार. परत मागितलीस तर बघ."

रास मांडली. नेहमीपेक्षा लहानच. बाईंनी पदर झाकला आणि तेवढ्यात काठी वाजवत आबा फाटकातून आत आले.

"बाई, माज्या नावानं खांबाला बोललात म्हनं?"

"बोलले. खांबाची काही तक्रार नाही."

एकदोन पोरं फिसकन हसली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बगा बाई. माजं सोडा. पलटणीत मी सगळ्यांच्या पंगतीला जेवलोय. पर गावात ऱ्हायचं तर गावाचं बगावं लागतं."

"बघा की. हे काय, गाव इथंच बसलंय," बाई आमच्याकडं हात करून म्हणाल्या. "तुम्हीही बसा. पण रिकाम्या हातानं राशीत हात घालता येत नाही. भाकरी आणायची."

आबा तसेच वळले आणि ताडताड निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. आता बाई जाणार. बाईंनी रास तशीच झाकून ठेवली. कुणाला हात घालू दिला नाही. भुकेनं पोटात कावळे ओरडत होते.

आणि आबा परत आले! बगलेत टॉवेलाचं गाठोडं. सुभेदाराला बाईमाणसानं भेकड म्हटलेलं पचलं नव्हतं, दुसरं काय? गाठोडं बाईंच्या पुढ्यात टाकलं. बाईंनी भाकरी राशीत सरकवली, पदराखाली हात घालून सगळी रास खालीवर केली आणि म्हणाल्या, "काढा."

आबांनी हात घातला. भाकरी काढली, मोडली, तोंडात टाकली. आबा चावत राहिले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "झाक हाय की रं! मऊ लोण्यावानी. आमच्या दातांस्नी अशी पायजे. कुणाच्या घरची?"

आम्ही सगळे एकदम ओरडलो, "आबा, तुमच्याच!"

लहान, जाड, कडेला अंगठ्याची नक्षी. आंधळ्यानंही ओळखली असती. आबांच्या दातांसाठी आजी जन्मभर तशी भाकरी थापत होती, आणि ज्याच्यासाठी थापली त्यालाच ओळखू आली नाही. आबा भाकरीकडं बघतच राहिले. शोभा हसून हसून लोळायला लागली.

"नाव घ्यायचं, आबा," संपत म्हणाला. "नेम हाय."

आता आबांच्या वयाच्या माणसानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं? लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलंच नसेल. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मिशीत काहीतरी पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"हौसा!" आबा ओरडले. आम्ही टाळ्या पिटल्या.

"आपल्या घरची परत टाकायची. दुसरी काढा."

त्यांनी पुन्हा हात घातला आणि मोठी, पातळ भाकरी बाहेर आली. चार बोटं आणि एक रेघ. टाळ्या जागच्या जागी थांबल्या. सगळ्या पोरांनी ओळखली होती. आबांनी आमच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनाही कळलं की काहीतरी आहे. "कुणाची?" त्यांनी विचारलं. संपतनंही मान खाली घातली. मी बाईंकडं बघितलं. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, अजिबात.

मी उठले आणि जेवढा होता तेवढा आवाज काढला. "माझ्या आईची!"

आबांनी मला ओळखलं. त्यांच्याच रानात बांधावर बसलेलं मला त्यांनी बघितलं होतं. भाकरी हातात तशीच. फाटकाशी दोन गडी थांबून बघत होते. आबांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा भाकरीकडं. मग मोठा तुकडा मोडला आणि परातीकडं हात करून खेकसले, "आरं, ठेचा सरकवा की हिकडं. कोरडी खाऊ व्हय?"

संपतनं परात ढकलली. आबांनी सगळी भाकरी खाल्ली, मिशा पुसल्या आणि मला म्हणाले, "पोरी, आईचं नाव काय तुज्या? एवढी वर्सं रानात हाय, मला ठावं न्हाई."

मी सांगितलं. ते उभे राहिले. बाईंनी काही सांगायची गरज पडली नाही. कवायतीला हुकूम द्यावा तसं, फाटकाबाहेरच्या गड्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी नाव घेतलं.

त्यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. गाव एवढ्यानं बदलत नसतं. एका घरची भाकरी राशीत पुन्हा कधीच आली नाही. सार्वजनिक विहिरीवरच्या काही बायका आईला वरूनच पाणी ओतत राहिल्या. पण बाईंची बदली तेव्हा झाली नाही, पुढच्या शनिवारी शोभा भाकरी घेऊन आली, आणि मी चौथी पास होईपर्यंत रास दर शनिवारी मांडली गेली. माझ्या आईनं थापलेली भाकरी मिळावी म्हणून पोरं राशीत चाचपून रेघ शोधायची आणि बाईंचा ओरडा खायची. हे मी अभिमानानं सांगते. कॉलेजातल्या माझ्या पदव्या बाजूला ठेवून सांगते.

आबा राशीला आले त्या दिवशी आई कामावरून आली ती चूल पेटवायलाच बसली. मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. "खोटं बोलू नगं," म्हणाली.

"आईशप्पथ! सगळी खाल्ली. ठेचा मागून खाल्ली. आनि नाव घेतलं तुजं."

ती काटक्या सारायची थांबली. "कसं घेतलं? वस्तीतली म्हनला आसंल."

"न्हाई. शालनबाई म्हनले."

"नुसतं शालन म्हनला आसंल."

"शालनबाई! बाई लावून."

आईनं फुंकणी उचलली, खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हन बगू पुन्यांदा. त्येनी म्हनलं तसं."

मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. आबांसारखी छाती काढली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "शालनबाई!"

आतून आईनं ओ दिली.